एमए समाजशास्त्र, मार्क्स आणि आमच्याकडची उचल

समाजशास्त्रात एमए करणाऱ्या बहुतेक पोरापोरींना थिअरीचा पेपर नको असतो. ग्रामीण समाज, जातिव्यवस्था, स्त्री अभ्यास हे चालतं, त्यातलं निम्मं घरूनच माहीत असतं, पण डर्कहाइम, मार्क्स, वेबर हे युरोपातले जुने विचारवंत आले की सगळे सीनियरच्या नोट्सच्या झेरॉक्स शोधायला लागतात. मी बीड जिल्ह्यातली, धारूरकडची. बीए तालुक्याच्या कॉलेजात केलं आणि एमएला छत्रपती संभाजीनगरला आले. आता एमए झालंय, पीएचडीची तयारी चालू आहे, आणि थिअरीतच काम करायचं हे पक्कं आहे. हे कसं झालं ते जरा सविस्तर लिहिते, कारण आमच्या भागातल्या पोरींना हे कुणी नीट सांगत नाही.

हॉस्टेलच्या रूमवर आम्ही चौघी होतो. दोघींनी यूपीएससीचा ऑप्शनल म्हणून समाजशास्त्र घेतलेलं, एकीला नेट-सेट काढून प्राध्यापक व्हायचं होतं. माझ्या घरी अजूनही पाहुण्यांना ‘पोरगी एमपीएससी करायली’ असं सांगतात. त्यांचंही खरंय. समाजशास्त्र करून पुढं काय, तर सीएचबीवर तासाच्या हिशोबानं शिकवणारे लोक आम्ही रोज बघतो, पीएचडी झालेले, चाळिशीला टेकलेले, दरवर्षी नव्यानं अर्ज करणारे. हे डोळ्यासमोर असताना थिअरी वाचायची म्हणजे घरच्यांना कोड्यात टाकणंच आहे. तरी वाचायची.

पहिल्या सेमिस्टरला नोट्सवरच भागलं. नोट्समधला डर्कहाइम म्हणजे आत्महत्येचे चार प्रकार, प्रत्येकाची व्याख्या, दोन-दोन उदाहरणं, मग टीका, मग समारोप. पेपरला तेवढं पुरतं. पण एका मॅडमनी वर्गात सरळ विचारलं की तुमच्यापैकी किती जणांच्या गावात शेतकऱ्याची आत्महत्या झालीय, आणि जवळजवळ सगळ्यांचे हात वर गेले. मग त्या म्हणाल्या, आता डर्कहाइमला काय विचारायचं ते ठरवा.

तेव्हा पहिल्यांदा कळलं की डर्कहाइमच्या आत्महत्येवरच्या १८९७ च्या पुस्तकाला एक माणूस का गेला याच्याशी मुख्यतः घेणंदेणंच नाही. पेपरात येतं की नापिकी, कर्ज, मुलीचं लग्न, म्हणून अमुक यांनी विष घेतलं. डर्कहाइम विचारतो की एखाद्या समूहात हे प्रमाण वर्षानुवर्षं साधारण तेवढंच का राहतं, प्रोटेस्टंटांत ते कॅथलिकांपेक्षा जास्त का, एकट्या माणसांत संसारी माणसांपेक्षा जास्त का. म्हणजे प्रश्न माणसावरून उचलून समूहावर नेऊन ठेवला. आमच्या वर्गातल्या एका पोराचे चुलते असेच गेलेले, तो म्हणाला की मॅडम, आमच्या घरात सगळे आजपण ‘त्यांनी असं कशाला केलं’ हेच विचारतात, ‘आमच्याकडंच एवढे लोक असं का करायले’ हे कुणी विचारत नाही. वर्ग एकदम गप्प झाला होता. मॅडम तिथंच थांबल्या नाहीत. त्यांनी दुसरा प्रश्न टाकला की हे आकडे तयार कोण करतं, पंचनाम्यात कारण कोण लिहितं, सातबारावर नाव नसलेली बाई शेतात राबून मेली तर तिची नोंद शेतकरी म्हणून होते की गृहिणी म्हणून. सरकारी आकड्यांवर उभ्या राहिलेल्या डर्कहाइमच्या कामावर जॅक डग्लस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९६७ साली हाच मोठा आक्षेप घेतला होता हे त्यांनी नंतर सांगितलं, पण तोवर तो आक्षेप आमचा झाला होता. थिअरी शिकवायची तर अशी शिकवावी, नाव आणि साल नंतर, अडचण आधी.

तिथून आम्ही मूळ पुस्तकं वाचायची ठरवली. रविवारी सकाळी, लायब्ररीच्या मागच्या टेबलावर, पाच-सहा जण. मॅडम म्हणाल्या सगळं पुस्तक वाचायचा हट्ट धरू नका, एक प्रकरण घ्या आणि ते सोडू नका. आम्ही मार्क्सच्या ‘भांडवल’चा पहिला खंड घेतला, १८६७ चा, आणि त्यातलं श्रमशक्तीच्या खरेदी-विक्रीचं सहावं प्रकरण. इंग्रजी मजकूर इंटरनेटवर फुकट मिळतो, मराठी अनुवाद लायब्ररीत होता, दोन्ही शेजारी ठेवून एक जण मोठ्यानं वाचायचा आणि बाकीचे थांबवायचे. इंग्रजीचं म्हणाल तर सगळ्यांचंच तालुक्याच्या कॉलेजातलं, पण एक परिच्छेद चौघांनी मिळून चारदा वाचला की तो समजतोच. एखाद्या रविवारी एवढा एकच परिच्छेद व्हायचा आणि तरी दुपारी मेसला जाताना डोकं भरलेलं असायचं.

त्या प्रकरणात मार्क्स म्हणतो की भांडवलशाहीत कामगार दोन अर्थांनी मोकळा असावा लागतो. एक, तो कुणाचा गुलाम नाही, स्वतःची श्रमशक्ती स्वतः विकू शकतो. दुसरं, तो बाकी सगळ्यातूनही मोकळा आहे, म्हणजे त्याच्याकडं जमीन नाही, अवजार नाही, विकायला दुसरं काहीच नाही. इथपर्यंत नोट्समध्ये पण असतं. पुढं तो एक गोष्ट सांगतो जी मी कुठल्याच नोट्समध्ये बघितली नव्हती. तो म्हणतो, कामगार आधी काम करतो आणि पगार नंतर मिळतो, आठवड्यानं म्हणा महिन्यानं म्हणा, म्हणजे प्रत्यक्षात कामगारच मालकाला उधार देत असतो.

हे वाचलं आणि मी म्हणलं थांबा, आमच्याकडं उलटं आहे.

माझे मामा-मामी दरवर्षी ऊसतोडीला जातात. पावसाळ्यातच मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा ठेकेदार, उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो, एका कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, आता लाखाच्या घरात, आणि दसरा-दिवाळीच्या आसपास ट्रॅक्टर भरून टोळी निघते, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, ते कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत. म्हणजे पैसे आधी, काम नंतर. मालक कामगाराला उधार देतो आणि त्या उधारीनंच कामगार बांधला जातो. मग मार्क्सचा हा मोकळा कामगार आमच्या मामाला लागू होतो का नाही? टेबलावर यावरून चांगलं भांडण झालं. एक जण म्हणाला उचल म्हणजे नुसता ॲडव्हान्स पगार, त्यात एवढं काय. लातूरकडची एक मैत्रीण म्हणाली की ॲडव्हान्स घेतलेला नोकरदार नोकरी सोडून जाऊ शकतो, टोळीतला माणूस उसाचा फड सोडून जाऊन दाखवू दे.

हीच मैत्रीण तळटिपा वाचायची. आम्ही सगळे वरचा मजकूर वाचायचो, ती खालचं बारीक अक्षरसुद्धा सोडायची नाही. त्याच प्रकरणात खाली मेक्सिकोवर एक तळटीप आहे. तिथं गुलामगिरी वेगळ्या रूपात लपलेली आहे असं मार्क्स लिहितो: कामातून फेडायची उचल दिली जाते, ती पिढ्यानपिढ्या चालत राहते, आणि नुसता कामगारच नाही तर त्याचं सगळं कुटुंब दुसऱ्याच्या मालकीचं होऊन बसतं. तिनं हे वाचून दाखवलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आमच्या घरची गोष्ट त्या पुस्तकात होती, खाली, बारीक अक्षरात, आणि नोट्स काढणाऱ्यांनी सगळ्यात आधी तीच गाळलेली. मूळ मजकूर वाचा असा धोशा मी सगळ्या ज्युनियरच्या मागं लावते त्याचं कारण हेच. सारांश काढणारा माणूस त्याला महत्त्वाचं वाटतं ते ठेवतो, आणि त्याच्या घरात कोयता नसतो.

शेवटच्या वर्षाच्या रिसर्च प्रोजेक्टला मग विषय शोधावा लागला नाही. गाइड सरांना सांगितलं की उचलीवर करते, पण ऊसतोड कामगारांच्या समस्या असं नको, मार्क्सच्या मोकळ्या कामगाराला उचलीच्या व्यवहारावर तपासून बघते. सर खूश झाले आणि लगेच म्हणाले, मग हिशोब बघ, भाषणं नको.

हिशोब म्हणजे मुकादमाची वही. ती कुणी सहजासहजी दाखवत नाही. पण मामाकडं त्याची स्वतःची एक छोटी डायरी होती, खताच्या दुकानातून फुकट मिळालेली, त्यात एका सीझनचं सगळं होतं. वर मामाचं नाव, त्याखाली उचलीची रक्कम, दोन हप्त्यांत घेतलेली. मग किराणा, दवाखाना, पुन्हा दवाखाना, घरी यात्रेला पाठवले ते, आणि मधूनमधून ‘खाडा’. खाडा म्हणजे कामावर आला नाही त्या दिवसाची वरून लावलेली रक्कम, नुसती मजुरी बुडत नाही. एका खाड्यापुढं ‘ताप’ लिहिलेलं. दुसऱ्या बाजूला तोडलेल्या उसाचे टन. पानाच्या शेवटी जे उरलं ते वजा होतं, म्हणजे सहा महिने तोडून अंगावर बाकी. ती बाकी पुढच्या वर्षीच्या उचलीत धरली गेली.

आणि त्या डायरीत मामीचं नाव कुठंच नव्हतं. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. एकटा माणूस अर्धा कोयता. मामी पहाटे उठून भाकरी थापते, फडात ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॅक्टरात चढवते, संध्याकाळी कोपीवर, म्हणजे झोपडीवर आली की परत चूल. पण उचल घेणारा, अंगठा देणारा, हिशोब करणारा मामा. मी मामीला विचारलं की तुझा वाटा किती धरतात, तर ती म्हणाली, ‘माझा निराळा कसा धरतील माय, कोयताच एक हाय की. अन् आधी पैसं घ्यायचं, मग फेडत बसायचं, त्याला काय पगार म्हणतात व्हय?’ मी हे वाक्य प्रोजेक्टमध्ये जसंच्या तसं टाकलं. मार्क्सच्या बाजारात एक माणूस स्वतःची श्रमशक्ती घेऊन उभा असतो. आमच्याकडच्या बाजारात जोडपं उभं असतं आणि नाव एकाचंच लागतं. स्त्रीवादी अभ्यासकांनी घरातल्या बिनपगारी कामावरून मार्क्सला खूप प्रश्न विचारलेत, पण इथं बाई घराबाहेर, फडात, मोजता येणारं काम करते आणि तरी कागदावर ती नसते.

गाइड सरांनी मला परत मार्क्सकडं पाठवलं. म्हणाले, नगावर मजुरीचं प्रकरण वाच, इंग्रजी आवृत्तीतलं एकविसावं. तिथं तो दाखवतो की नगावर किंवा वजनावर मजुरी ठरली की मालक आणि कामगार यांच्यामध्ये मध्यस्थाला जागा तयार होते, कामाचा ठेका एखाद्या म्होरक्या कामगाराला दिला जातो आणि मग कामगाराचं शोषण कामगाराच्याच हातून व्हायला लागतं. आमचे बरेच मुकादम काल-परवापर्यंत स्वतः ऊस तोडणारे, बऱ्याचदा भावकीतले. टोळीतल्या लोकांना राग कारखान्याचा फारसा येत नाही, कारण कारखाना त्यांना दिसतच नाही, दिसतो मुकादम. तो उचलीच्या अडचणीत सापडला की त्याच्यावर कारखान्याची वसुली येते आणि तो ती टोळीवर ढकलतो. एवढं सगळं त्या एका प्रकरणाच्या मदतीनं नीट मांडता आलं. म्हणून मार्क्स कालबाह्य झाला असं कुणी म्हणलं की मी आधी विचारते, कोणतं प्रकरण वाचलंत.

वेबरचं थोडक्यात सांगते. परीक्षेत तो प्रोटेस्टंट नीतिमत्ता आणि नोकरशाही एवढाच येतो. पण १८९२ मध्ये, ऐन तरुणपणी, त्यानं जर्मनीतल्या एल्ब नदीच्या पूर्वेकडच्या शेतमजुरांचा अभ्यास केला होता. जमीनदाराच्या आसऱ्यानं राहणारे जुने मजूर घरदार, धान्याचा वाटा सोडून निघून चाललेले, आणि त्यांच्या जागी पोलंडकडचे हंगामी मजूर यायले, त्यात मोठं कारण साखरबीटाची शेती. तिकडं बीट, इकडं ऊस. वेबर म्हणतो, निघून जाणाऱ्यांना नुसता पैसा ओढत नव्हता, मोकळं होण्याची ओढ होती. आमच्या गावातली पोरं चाकण-रांजणगावला कंपनीत बारा तास उभी राहतात आणि हातात फार उरत नसलं तरी उसाला जायचं नाही म्हणतात, ते मला वेबरमुळं समजलं.

आता बाबासाहेब. संभाजीनगरला शिकताना ते अभ्यासक्रमापुरते राहतच नाहीत. मिलिंद कॉलेज त्यांनी १९५० मध्ये सुरू केलं, नागसेनवन समोर आहे, आणि १४ जानेवारीला विद्यापीठ गेटवर नामविस्तार दिनाला जी माणसं येतात, हातात लेकरं आणि पिशवीत पुस्तकं घेऊन परत जातात, ते एकदा तरी बघावं. पण वर्गात बाबासाहेब बहुतेक वेळा ‘भारतीय विचारवंत’ या वेगळ्या पेपरात असतात आणि थिअरीच्या पेपरात सगळे युरोपातले. हे मला पटत नाही. ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात, मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये, पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी जातींवरचा निबंध वाचला, ती शुद्ध थिअरी आहे. जात म्हणजे बंद झालेला वर्ग, आणि तो बंद राहतो जातीतल्या जातीत लग्न लावून. मग जोडीदार मेल्यावर उरलेल्या बाईचं आणि पुरुषाचं काय करायचं हा प्रश्न जातीपुढं उभा राहतो, आणि सती, सक्तीचं वैधव्य, विधुराचं ब्रह्मचर्य, लहान मुलीशी लग्न हे त्यावर काढलेले उपाय आहेत. एक गृहीत घेतलं आणि पायरी पायरीनं पुढं नेलं, कुठंही पाय घसरत नाही. सरकारनं काढलेल्या लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडात तो निबंध आहे, एका बैठकीत वाचून होतो.

माझ्या प्रोजेक्टला तो निबंध असा लागला की आमच्याकडं मुलींची लग्नं लवकर होतात. १८ च्या आतली. यावर बोलताना लोक अडाणीपणा म्हणतात आणि विषय संपवतात. पण एकट्या पोराला अर्ध्या कोयत्याची उचल मिळते, लग्न झालं की पूर्ण कोयता. आई-बाप सहा महिने फडावर असताना वयात आलेली पोरगी गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची हा प्रश्न असतो. म्हणून सीझनच्या आधी लग्नं उरकतात. बाबासाहेबांनी बालविवाह जातीची भिंत राखण्याशी जोडून दाखवला, आणि आमच्याकडं त्याच लग्नात जातही राखली जाते आणि कोयताही पुरा होतो. दोन्ही गोष्टी एकाच मांडवात. हे मी लिहिलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपण नुसतं दुसऱ्यांचं समजून घेत नाही, आपलंही काहीतरी म्हणायलोय. माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीचं बारावीलाच लग्न झालं होतं, तिनं तो भाग वाचला आणि दोन ओळी बदलायला लावल्या. पोरींना भीती वाटते असं मी लिहिलं होतं. ती म्हणाली भीती नाही, घाई असते, सगळ्यांनाच घाई असते, पोरीला सुद्धा. ते बदललं.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या सरांनी पहिलाच प्रश्न टाकला, म्हणजे मार्क्स चुकला असं तुमचं म्हणणं आहे का. मी म्हणलं, नाही सर. इंग्लंडच्या गिरणीतल्या कामगाराबद्दल तो बरोबर आहे, आणि मेक्सिकोतल्या उचलीबद्दलही. आमचा कामगार या दोघांच्या मधे उभा आहे. तो जन्मभराचा बांधलेला नाही, दुसऱ्या मुकादमानं बाकी भरली की तो टोळी बदलतो, पण सीझन चालू असताना तो मोकळाही नाही. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञानं गुजरातमधल्या मजुरांवर काम करून याला नवी वेठबिगारी म्हणलंय, आणि आपल्याकडं वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे, तरी उचलीचा व्यवहार उघड चालतो कारण त्यात सगळ्यांना तो पगारच वाटतो. सरांनी अर्धा तास घेतला. शेवटी म्हणाले, मामाची संमती लेखी घेतली का. घेतली होती, मामीची पण वेगळी घेतली होती, तिच्या नावानं.

पुढच्या प्रपोजलचा प्रश्न मामीनंच दिलाय. आता बऱ्याच ठिकाणी हार्वेस्टर आलेत, एक मशीन कितीतरी कोयत्यांचं काम ओढतं. मी तिला म्हणलं बरं होईल की, सुटाल. तर ती म्हणाली, ‘मशीन आलं तर उचल कोण देईल? पोराच्या ॲडमिशनला कुठून आणायचं?’ म्हणजे ज्या उचलीनं ती बांधली गेलीय, ती उचल बंद होण्याची तिला जास्त धास्ती आहे. याचं उत्तर मला अजून मार्क्समध्ये सापडलेलं नाही आणि वेबरच्या मोकळ्या होण्याच्या ओढीतही ते बसत नाही, कारण ही बाई मोकळी व्हायला घाबरायली आणि तिचं घाबरणं अगदी रास्त आहे. गाइड सर म्हणाले मशिनरीवरचं प्रकरण काढ, आणि त्याच्या जोडीला गावातल्या बचत गटांच्या आणि मायक्रोफायनान्सच्या हप्त्यांचे हिशोब गोळा कर, कारण उचल आटली तर तिची जागा तेच घेतील. गणपतीच्या आधी गावाकडं जाऊन वह्या बघायला सुरुवात करणार आहे, मुकादमांची उचल वाटून व्हायच्या आत.